वऱ्हाडातून दिसणारं गॉथिक

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशिमच्या अलीकडे जऊळका रेल्वे हे मालेगाव तालुक्यातलं गाव लागतं. इथे गॉथिक पद्धतीची इमारत नाही. तरीही गॉथिक हा वास्तुप्रकार नेमका काय आहे, इतर प्रकारांपासून तो कुठे वेगळा पडतो आणि महाराष्ट्रात आल्यावर त्याचं काय झालं, हे तपासायला जऊळका ही उत्तम जागा आहे असं मला वाटतं. याच तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जुनं दगडी मंदिर आहे. याच लोहमार्गावर अकोल्याच्या बाजूला बार्शीटाकळी आहे. तिथल्या देवळात बाराव्या शतकातला शिलालेख आहे. त्याहून उत्तरेला, सातपुड्याच्या कडेवर, नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा उभा आहे. पश्चिमेला लोणारचं दैत्यसूदन मंदिर, पूर्वेला कारंजा लाडच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम. तुळई, कमान आणि लाकडी सांगाडा अशी बांधकामाची तीन मोठी घराणी जऊळक्याच्या भोवताली सापडतात. चौथं घराणं गॉथिक. ते मुंबईत आहे, आणि त्याला लागलेल्या पैशाचा एक मोठा ओघ याच काळ्या मातीतून गेलेला आहे.

आपल्याकडे वास्तुप्रकार शिकवले जातात ते ओळखपरेडीसारखे. टोकदार कमान, रंगीत काचा आणि उंच मनोरा दिसला की गॉथिक; चुन्याशिवाय रचलेला दगड दिसला की हेमाडपंती; कांद्याच्या आकाराचा घुमट दिसला की मोगल. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तर एवढंच असतं. ही पद्धत पहिल्याच कसोटीला उतरत नाही. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्याला टोकदार कमान आहे. तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस, बहमनी सत्ता मोडकळीला आली असताना बांधला गेला. त्याला कोणी गॉथिक म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या टोकदार कमानी नवव्या शतकातल्या आहेत. पॅरिसजवळचं सेंट डेनिसचं चर्च, जिथून गॉथिकची सुरुवात धरतात, ते त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळाने उभं राहिलं. टोकदार कमान आधी इस्लामी जगात रुळली आणि मग युरोपला मिळाली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या खुणेवर आपण गॉथिक ओळखतो, ती खूण गॉथिकची स्वतःची नाही.

हेमाडपंतीचंही तसंच. यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. बार्शीटाकळीचा शिलालेखही हेमाद्रीच्या आधीचाच. तरी ही सगळी देवळं सरसकट त्याच्या नावावर जमा होतात. गावोगावच्या पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली रीत एका प्रधानाच्या खात्यात जाते, हे मला खटकतं.

मग प्रकार ओळखायचा कशावरून? माझं उत्तर एकच आहे. इमारतीच्या डोक्यावरचं वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरतं, ते पाहावं. नक्षी नंतर पाहावी. ही वाट दिसली की प्रकार आपोआप वेगळे होतात, आणि माणसांनी तसं का बांधलं असेल हेही उलगडू लागतं.

शिरपूरच्या किंवा लोणारच्या मंडपात उभं राहून वर पाहावं. खांबावर तुळई, तुळईवर छताची शिळा. वजन सरळ खाली येतं. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्यामुळे दगडी तुळई लांब केली की मध्ये तडकते. म्हणून खांब जवळजवळ येतात, मंडपात खांबांची दाटी होते. मधला चौक थोडा मोकळा हवा असेल तर पाथरवट कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून चौकोन लहान करत नेतो, किंवा शिळांची वर्तुळं एकावर एक थोडी पुढे काढत घुमटासारखं छत करतो. दिसायला तो घुमट, पण त्यात कमानीचं काम नाही. प्रत्येक थर खालच्या थरावर आडवा बसलेला असतो. चुना नाही, खाचा आणि वजन यांवर सगळं उभं. आपल्या बेसाल्टसारख्या कठीण दगडात इतकी नेमकी बैठक साधणं हे फार मोठं कसब होतं, आणि ते कुठल्याही गॉथिक गवंड्यापेक्षा उणं नव्हतं.

कमान आली की गोष्ट बदलते. लहान लहान दगड पाचरीसारखे घडून अर्धवर्तुळात बसवले की प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो, ताण उरत नाही, आणि मोठा गाळा झाकता येतो. पण किंमत मोजावी लागते: कमान बाजूंना रेटा देते. तो रेटा अडवायला जाड भिंत लागते. नरनाळ्याचा दरवाजा हा रेटा तटाच्या आणि बुरुजांच्या जाडीत जिरवतो, म्हणून तिथे अडचण नाही. रोमन लोकांनी आणि त्यांच्यानंतरच्या चर्चबांधणाऱ्यांनीही जाड भिंतीच वापरल्या. आत अंधार, खिडक्या लहान.

गॉथिकने नेमकी ही जाड भिंत काढून टाकली. तेच त्याचं खरं कर्तृत्व आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी, त्यात बदल करता येत नाही. टोकदार कमानीत करता येतो. अरुंद गाळा आणि रुंद गाळा एकाच उंचीला नेता येतो, आणि बाजूचा रेटाही कमी होतो. मग छताला बरगड्या दिल्या. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या चर्चमध्ये, 1093 पासून पुढच्या चाळीस वर्षांत, हा प्रयोग झालेला दिसतो. छताचं वजन बरगड्यांच्या वाटेने चार कोपऱ्यांत गोळा होतं. त्या कोपऱ्यांना बाहेरून दगडी धिरे दिले. पुढे हे धिरे भिंतीपासून दूर उभे करून, मधली जागा अर्ध्या कमानींनी जोडली. त्यांनाच फ्लाइंग बट्रेस म्हणतात. टोकदार कमान, बरगड्यांचं छत आणि बाहेरचा धिरा या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या आधीपासून माहीत होत्या. सेंट डेनिसचा मठाधिपती सुजेर याच्या कारकिर्दीत, 1144 साली पवित्र झालेल्या चर्चच्या नव्या भागात, त्या तिन्ही गोष्टी प्रकाशाच्या एका ठाम कल्पनेभोवती एकत्र आल्या. भिंत आता वजन पेलत नव्हती. तिच्या जागी काच आली.

पुढची शंभर वर्षं म्हणजे उंचीची स्पर्धा. 1194 च्या आगीनंतर नव्याने बांधलेलं शार्त्रचं चर्च आतून सुमारे 37 मीटर उंच गेलं, आमियांचं 42 मीटरच्या वर. बोव्हेच्या चर्चचं छत 48 मीटरवर नेलं आणि 1284 मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. या लोकांकडे आजचं गणित नव्हतं. भूमिती, लाकडी साचे, दोर आणि आधीच्या इमारतींचा अनुभव एवढ्या बळावर ते हे करत होते, आणि चुकलं की दगड डोक्यावर यायचा. बोव्हेचं छत पुन्हा उभारलं गेलं, मधे जादा खांब घालून. ते आजही आहे.

आता हाच प्रकार वऱ्हाडात का उगवला नाही, हे पाहणं मला सर्वांत उद्बोधक वाटतं. इथल्या गवंड्यांना कमान येत होती, टोकदार कमानही येत होती, दगड मुबलक होता, कारागीर जगात कोणाला हार जाणारे नव्हते. पण भिंत काढून काच लावावी अशी गरजच नव्हती. उत्तर फ्रान्समध्ये सूर्य वर्षातले कितीतरी महिने क्षितिजाजवळून सरकतो, आभाळ भरलेलं असतं. तिथे प्रकाश आत आणणं हे देवाला आत आणण्याइतकं मोलाचं ठरलं. अकोला-वाशिमकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. इथे प्रकाश बाहेर ठेवायचा असतो. जाड भिंत, खोल गाभारा, सावलीचा मंडप यांना लोक मागासलेपण समजतात. ते हवामानाला दिलेलं चोख उत्तर आहे. देवळातला अंधार हा भाविकाला बाहेरच्या रखरखीतून आत घेणारा गारवा आहे. गॉथिक चर्च आणि हेमाडपंती देऊळ यांची तुलना करताना एकाला प्रगत आणि दुसऱ्याला प्राथमिक म्हणण्याची जी सवय जुन्या इंग्रजी ग्रंथांनी लावली, ती सोडून द्यायला हवी.

मग एकोणिसाव्या शतकात गॉथिक महाराष्ट्रात आलं. इथल्या गरजेतून नव्हे, राज्यकर्त्यांच्या पसंतीतून. इंग्लंडमध्ये तेव्हा मध्ययुगाची ओढ लागली होती. लंडनच्या पार्लमेंटची नवी इमारत गॉथिक पद्धतीने होत होती, कलासमीक्षक रस्किनच्या लिखाणाने व्हेनिसच्या गॉथिककडे लक्ष वेधलं होतं. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 साली पवित्र झालं, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ. ते बऱ्यापैकी इंग्लंडमधल्या चर्चसारखं आहे. पण मुंबईचं खरं गॉथिक त्यानंतरच्या तीस वर्षांतलं, आणि त्याच्या मागे कापूस आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. चार वर्षं मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस एकट्या वऱ्हाडचा नव्हता. गुजरात, खानदेश, धारवाड सगळीकडचा होता. पण वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं होतं आणि त्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर पक्की होती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळवरून वऱ्हाड ओलांडत 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. खामगावच्या कापूसबाजारासाठी 1870 मध्ये खास फाटा टाकला गेला, अमरावतीलाही तसाच. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. जऊळक्याच्या परिसरात रेल्वे त्या वेळी नव्हती. वाशिमकडचा माल बैलगाड्यांनी उत्तरेच्या बाजारांकडे जायचा.

मुंबईत त्या पैशाने काय झालं, ते प्रसिद्ध आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची ओळ आखली गेली. शेअरांचा बाजार 1865 मध्ये कोसळला, कित्येक धनिक रस्त्यावर आले, पण आराखडे आणि देणग्या उरल्या. कापसाच्या व्यापारातला बडा माणूस प्रेमचंद रायचंद याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले. मनोऱ्याला त्याच्या आईचं, राजाबाईचं नाव मिळालं. 85 मीटर उंचीचा तो मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. तो कधी भारतात आलाच नाही. शेजारी विल्किन्सचं सचिवालय, फुलरचं उच्च न्यायालय. आणि मग एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी): काम 1878 ते 1888, खर्च सोळा लाखांहून थोडा अधिक.

माझी कसोटी इथे लावली तर एक गोष्ट पुढे येते. सीएसएमटीच्या दर्शनी भागाला टोकदार कमानी आहेत, कोरीव प्राणी आहेत, रंगीत काचा आहेत. पण शार्त्रसारखे बाहेरचे धिरे रेटा अडवत इथे उभे नाहीत, कारण तसा रेटाच नाही. जिथे फ्रान्समध्ये काचेची भिंत आली असती, तिथे मुंबईत कमानींचे सज्जे आले, म्हणजे उन्हापावसापासून आतल्या भिंतीला दूर ठेवणारे व्हरांडे. फलाटांवर लोखंड आहे. मधला मोठा घुमट तर फ्रान्सच्या गॉथिक चर्चमध्ये सहसा दिसत नाही. दगड मालाडचा पिवळसर, कुर्ल्याचा, पोरबंदरचा, लाकूड सागवान. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता, जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली. बांधकामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक जनार्दन होते. स्टीव्हन्सचं नाव प्रत्येक पुस्तकात येतं. ही दोन नावं आपण मराठी वाचकांनी तरी लक्षात ठेवायला हवीत.

म्हणजे मुंबईचं गॉथिक हे हाडाने गॉथिक नाही. चेहरा व्हेनिसचा आणि इंग्लंडचा, वजनाची वाट वेगळी, हवामानाचा विचार इथला. यावरून काही जण त्याला नक्कल म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही. युनेस्कोने सीएसएमटीला 2004 मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारसा म्हटलं, एवढ्यावरून माझं मत बनलेलं नाही. त्याचं कारण वाशिमच्याच इतिहासात आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवलं, त्याचा शिलालेख तिथेच आहे. त्याच काळातल्या 19 क्रमांकाच्या चैत्यगृहात छताकडे पाहावं: दगडात कोरलेल्या बरगड्या एका ओळीत वाकलेल्या आहेत. त्या बरगड्या काहीही पेलत नाहीत. सगळं लेणं एका सलग कड्यातून खोदलेलं आहे, तिथे पेलायचं काय? त्या बरगड्या म्हणजे लाकडी चैत्यगृहांची आठवण. त्याहून कितीतरी जुन्या कार्ल्याच्या लेण्यात दगडी छताखाली खऱ्या लाकडी बरगड्या बसवलेल्या आजही दिसतात, त्याही वजन न पेलणाऱ्या. एका साहित्यातून जन्मलेला आकार दुसऱ्या साहित्यात, दुसऱ्या गरजेसाठी आला, आणि कोणी अजिंठ्याला नक्कल म्हणत नाही. आकार असे प्रवास करतात. त्यांना न्याय द्यायचा तो नव्या जागी ते किती समजून वापरले यावरून. स्टीव्हन्सच्या सज्ज्यांनी ती समज दाखवली. म्हणून मी सीएसएमटीला मोठी इमारत मानतो, आणि अफगाण चर्चला सुंदर पण परकी.

मुंबईबाहेर नजर टाकली तर चित्र विरळ होतं. पुण्यात विल्किन्सचंच डेक्कन कॉलेज आणि डेव्हिड ससूनचं लाल विटांचं सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, दोन्ही 1860 च्या दशकातली. 1886 ची रे मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, मध्यभागी आठकोनी मनोरा घेऊन उभी आहे. भाजीबाजाराला गॉथिक चेहरा द्यायची कल्पना मला मनापासून आवडते, कारण रोज हजारो साधी माणसं त्या कमानींखालून जातात. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर जावा असं त्यांचं म्हणणं होतं. गॉथिक मुंबईचा विचार करतानाही हा प्रश्न मनात ठेवावा. नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, इंग्लंडचा नावाजलेला वास्तुकार बॉडली याचा हात लागलेलं. गोव्यात वेगळा धागा सापडतो: जुन्या गोव्याचं रोझरी चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यातलं, पोर्तुगालच्या उत्तर-गॉथिक पद्धतीच्या खुणा असलेलं. म्हणजे मुंबईच्या तीनशे वर्षं आधी गॉथिकचं शेवटचं टोक कोकणकिनाऱ्याला लागलेलं होतं. त्यानंतर गोव्यात बरोक आलं आणि तेच रुजलं; साळगावचं 1873 चं चर्च हा गॉथिककडे परत फिरण्याचा एकोणिसाव्या शतकातला प्रयत्न.

युरोपातही गॉथिक सरळ रेषेत संपलं नाही. कोलोनचं चर्च 1248 मध्ये सुरू झालं, मध्ये काही शतकं अर्धवट पडून राहिलं आणि 1880 मध्ये पुरं झालं. म्हणजे मुंबईत स्टीव्हन्सची माणसं पाया भरून भिंती चढवत होती, त्याच सुमारास कोलोनचे मनोरे टोकाला पोहोचत होते. पॅरिसच्या नोत्र दामचं छप्पर 15 एप्रिल 2019 ला जळालं, आणि डिसेंबर 2024 मध्ये चर्च पुन्हा उघडलं. साडेपाच वर्षांत ते शक्य झालं याचं एक मोठं कारण असं की त्या इमारतीची इंच न्‌ इंच मापं आधीच घेऊन ठेवलेली होती. सुतारांना आणि पाथरवटांना जुनी हत्यारं, जुने सांधे वापरता आले, कारण काय होतं ते नोंदलेलं होतं.

इथेच आपली बाजू उघडी पडते. मुंबईच्या गॉथिक इमारतींचे नकाशे आहेत, त्यांच्यावर ग्रंथ आहेत, जपणूक करणारे तज्ज्ञ आहेत. वऱ्हाडातल्या देवळांची नीट पाहणी इंग्रजांच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने केली. त्याचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ 1931 साली निघाला. त्यानंतर गावोगाव जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय चाललंय, ते कोणीही पाहू शकतो: कोरीव खांबांवर ऑइलपेंट, सांध्यांत सिमेंट, फरशीवर चकचकीत टाइल्स, पडलेल्या शिळा ओट्याला लावलेल्या. सिमेंटमुळे दगडाच्या आतला ओलावा कोंडतो आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. श्रद्धेने केलेलं काम असतं, हे मान्य. पण पाथरवटाने चुन्याशिवाय बसवलेला सांधा सिमेंटने बुजवला की वजनाची ती वाट पुढच्या पिढीला दिसत नाही, आणि पुस्तकातला तो एक शब्द, हेमाडपंती, तेवढा उरतो.

मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, रिसोड या तालुक्यांतल्या शिक्षकांना आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. सहलीला मुंबई जरूर दाखवा. सीएसएमटीसमोर उभं राहून कमानी मोजू द्या. पण त्याआधी आपल्या गावातलं जुनं देऊळ, बारव, वेस किंवा वाडा घ्या. टेप, दोरी आणि कागद एवढ्यावर त्याचा आराखडा काढता येतो. खांबांमधलं अंतर, तुळईची जाडी, छताच्या शिळांची रचना, पाथरवटांच्या खुणा नोंदवा, फोटोवर तारीख टाका, एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू व्हायच्या आत हे काम झालं पाहिजे, कारण एकदा सिमेंट ओतल्यावर मापं घ्यायला काही उरत नाही.